बदलापुरात फिरलेली मोटर

कऱ्हाडहून निघाले तेव्हाच ठरवलं होतं, दहावीचे विजेचे धडे परत मिळवूनच यायचं. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर, शाळेत विज्ञान शिकवते. यंदा आमच्या मुख्याध्यापकांनी ते धडे बाहेरच्या एका क्लासवाल्या सरांना द्यायचं मनात आणलं होतं. "मॅडम, तुमचं पानाफुलांचं उत्तम आहे," असं वर गोड बोलून. असा राग आला की बदलापूरच्या शिक्षक-प्रशिक्षणाला मी आपणहून नाव दिलं.

मुक्काम अंबरनाथला मावसबहिणीकडे होता. तिनं शिवमंदिर दाखवायचा घाट घातलेला, पण मला कुठली उसंत! शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आपल्या विषयाबाहेरचा पाठ खऱ्या वर्गावर घ्यायचा होता. माझ्या वाट्याला नेमकी विजेची मोटर आली, आणि सामानही ज्याचं त्यानंच आणायचं होतं.

म्हणून उल्हासनगर गाठलं. तिथल्या बाजारात काय मिळत नाही ते विचारावं. आधी दाल-पकवान (मैद्याची कडक पुरी आणि वर चण्याची डाळ) हाणलं, मग लोहचुंबक आणि वार्निश चढवलेली तांब्याची तार मागितली. दुकानदार सिंधी काका म्हणाले, "मॅडम, तयार मोटर देतो ना, बनवता कशाला?" शिकवायचं आहे म्हटल्यावर त्यांनी हसत तार जास्तीची दिली.

पाठ बदलापूरच्याच शिरगावातल्या एका शाळेत होता. खिडकीतून डोंगर छान दिसत होते म्हणे. मला धास्तीनं फळासुद्धा धड दिसत नव्हता. आमच्यातले देशमुख सर भौतिकशास्त्राचे. त्यांनी मदत म्हणून माझ्या वेटोळ्याच्या तारेची दोन्ही टोकं, वरचं वार्निश पूर्ण खरवडून, लखलखीत करून दिली होती. मी सेल जोडला. वेटोळं नुसतं डुलायला लागलं. मागे बसलेले शिक्षक एकमेकांकडे पाहू लागले, आणि देशमुख सर मदतीला उठले. मी हातानंच त्यांना बसवलं.

"काय होतंय?" मी वर्गालाच विचारलं.

श्रावणी नावाची मुलगी उभी राहिली. "मॅडम, ती अर्धी फिरते आणि वापस येते. अर्ध्या फेरीनंतर करंट उलटा ढकलतोय तिला."

"मग आपण काय करायचं?"

"तेवढा टाइम करंट बंद करायचा."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वार्निश असेल तिथं करंट जाणार नाही! म्हणजे एका टोकाचं वार्निश अर्ध्याच बाजूनं काढायचं. जास्तीच्या तारेचं नवं वेटोळं वळलं आणि ब्लेड हातात घेतलं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला पानाचा पापुद्रा सोलण्यात माझी उभी हयात गेली आहे. हात जराही हलला नाही. सेल जोडला, बोटानं हलकेच टिचकी दिली आणि मोटर गरगर फिरायला लागली. पोरं बाकांवर चढली. मलाही चढावंसं वाटलं. नंतर देशमुख सर ब्लेड कसं धरायचं ते शिकायला माझ्याकडे आले.

परतीच्या गाडीत मी एकटीच हसत होते. इतकी वर्षं विजेला परक्याचं घर समजून दारातूनच परत फिरत होते. आत गेले तर हत्यार माझ्याच हातात होतं.

कऱ्हाडला उतरले ती तडक शाळेत. मुख्याध्यापकांच्या टेबलावर मोटर ठेवली, सेल जोडला. मोटर फिरायला लागली.

"आता त्या क्लासवाल्या सरांना काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"या म्हणावं," मी म्हटलं. "मागच्या बाकावर जागा आहे."