चाळणीवर राहिलेली सालं

चिंचवडच्या एका लहान फाउंड्रीत मी सुपरवायझर होतो. ओतकामाच्या साच्यांना लागणारी वाळू नदीची यायची. एका वर्षी मालकांनी नवा पुरवठादार धरला. त्याचा पहिला ट्रक रिकामा झाला, वाळू चाळली गेली आणि चाळणीवर पांढरी, सुकून वळलेली सालं राहिली.

"कागदाचा कचरा हाय," चाळणाऱ्या बाई म्हणाल्या.

मी एक साल पाण्यात बुडवलं. ते चामड्यासारखं मऊ झालं. कासवाच्या अंड्याचं कवच होतं ते. रत्नागिरीकडच्या आमच्या गावच्या समुद्रकाठी, पुळणीवर अशी कवचं बघतच मी मोठा झालो होतो. वाळूची चिमूट जिभेवर ठेवली. खारट लागली.

पुरवठादार आला तेव्हा मी विचारलं, "नदीची वाळू खारट कशी हो?"

"ट्रकमध्ये आधी मीठ भरलं होतं, राव," तो हसला. "तुमचं गाव कुठलं?"

मी गावाचं नाव सांगताच त्यानं विषय बदलला. पुढच्या आठवड्यात तो दापोडीला आमच्या खोलीवर काजूची पिशवी ठेवून गेला. मी त्याला पत्ता दिला नव्हता. बायकोनं एक काजू खाऊन पाहिला. "हे तर आपल्याच गावच्या बागेतले वाटतात," ती म्हणाली. मला ते काजू गोड लागेनात.

शिमग्याला गावी गेलो. एसटीतून उतरलो तो घरी न जाता थेट पुळणीवर. केवड्याच्या बनापासून पाण्यापर्यंत गाड्यांच्या चाकोऱ्या पडल्या होत्या. मादी अंडी घालून गेली की कोल्ह्यांनी उकरू नयेत म्हणून आई जिथे काटेरी फांद्या रचायची, तिथे आता खड्डे होते आणि त्यांत भरतीचं पाणी. शेजारी वाळूनं भरलेली बैलगाडी उभी होती. बैल आमचे होते. गाडीशी दादा, माझा थोरला भाऊ.

"हे काय चालवलंयस दादा?"

"तुझ्याच कारखान्यात जाते ना ही? मग माझ्यावर कशाला ओरडतोस?"

"माझ्या कारखान्यात जाते, हे तुला कोणी सांगितलं?"

तो बैलांच्या जोताशी चाळा करत राहिला.

घरी आईनं पाणी पुढे ठेवलं आणि चुलीकडे वळली. जेवताना म्हणाली, "वाळूवाला सांगत होता, ही जागा त्याला तूच दाखवलीस."

मी तिची शपथ घेतली. तिनं दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कोणाचं खरं मानलं, ते कळलं नाही.

परत आल्यावर मालकांना सगळं सांगितलं. कासवांचं ऐकून ते हसले. पण त्या वाळूतल्या शिंपल्यांच्या चुऱ्यानं ओतीव मालाला भोकं पडत होती, माल परत येत होता. तेवढ्यासाठी त्यांनी ती वाळू बंद केली. पुरवठादारानं दुसरं गिऱ्हाईक गाठलं आणि गाड्या चालूच राहिल्या.

पुढच्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी होड्या ओढून ठेवायच्या जागेपर्यंत चढलं. तेव्हा मात्र कोळणींनी एक मोडकी होडी गाडीवाटेवर आडवी टाकली आणि तिच्यासमोर ठाण मांडलं. आईही त्यांच्यात जाऊन बसली. दादानं बैल माघारी वळवले.

त्यानंतर आई दापोडीला आली, तेव्हा मी विचारलं, "आता कासवं येतात का गं?"

ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुला कशाला हवंय?"