बिनभोकांचा ड्रम

माझ्या बागेला एकदा चांदीचा कप मिळाला होता. तो मी कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या रजईच्या मागे ठेवला आहे. का ठेवला, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्यात नुसतं माझं हसं असतं, तर केव्हाच सांगून मोकळी झाले असते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात आम्ही सरकारी क्वार्टरांच्या एका कॉलनीत राहत होतो. घरापुढे-मागे ऐसपैस जागा होती आणि गुलाबांचं वेड घरोघर होतं. आम्ही बायका एकमेकींच्या दागिन्यांपेक्षा एकमेकींच्या कलमांवर जास्त डोळा ठेवून असायचो. सगळ्यांना खत मात्र एकच बाई द्यायची. फुटाळा तलावाच्या पलीकडे तिचं घर होतं, दारात दोन गाई होत्या. मुरलेलं, काळंभोर शेणखत टोपल्यात भरून ती डोक्यावरून आणायची. दुधावर घर चालतं आणि खतावर गाईंचं ढेप-कुटार, म्हणजे पेंड आणि भुसा, निघतं, असं तीच एकदा आमच्या ओट्यावर पाणी पिताना म्हणाली होती. मी ते ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्या वर्षी एका शेतकी प्रदर्शनात मी खताचा फिरता ड्रम पाहिला. लोखंडी घोडीवर आडवा बसवलेला ड्रम, पोटाला छोटं दार, बाजूला हँडल. स्वयंपाकघरातला ओला कचरा आत टाकायचा, हँडल फिरवत राहायचं, की काही आठवड्यांत खत तयार. दुसरा एक उभा नमुनाही होता, तो कोलांटउड्या मारायचा. मला आडवा आवडला, कारण त्याचं हँडल फिरवताना माणूस यंत्र चालवत असल्यासारखा दिसत होता. दारात आयतं खत येत असताना हे कशाला, असं आमच्या ह्यांनी विचारलं. मला राग आला. ह्यांच्या प्रत्येक प्रश्नाचा मला राग यायचा, कारण तो बहुतेक वेळा बरोबर असायचा.

तयार ड्रम फार महाग होता, म्हणून इतवारीच्या बाजारात बनवून घ्यायचं ठरलं. हातगाड्यांमधून वाट काढत आम्ही तीन दुकानं पालथी घातली. डांबराच्या ड्रमला वास होता. रसायनांच्या ड्रममध्ये पूर्वी काय होतं ते दुकानदारालाच माहीत नव्हतं. शेवटी गोडेतेलाचा एक धडधाकट ड्रम पसंत केला आणि वेल्डिंगवाल्याकडे नेला. तो म्हातारा होता. त्यानं ड्रमवर टिचकी मारली आणि पहिलीच गोष्ट सांगितली, की याला चोहोबाजूंनी बोटभर भोकं पाडावी लागतील. आतल्या मालाला हवा लागली पाहिजे, पाणी निथळलं पाहिजे, नाही तर सगळं सडेल.

मी नको म्हटलं. पाणी निथळलं, तर माझ्या पुढच्या व्हरांड्यातल्या फरशा खराब होणार होत्या. ड्रम मागच्या अंगणात ठेव, असं हे म्हणाले. मागे ठेवायला एवढा इतवारीतून आणायचा का? म्हाताऱ्यानं आणखी एकदा सांगून पाहिलं, मग खांदे उडवले आणि भोकं न पाडता ड्रमला छान हिरवा रंग दिला.

ड्रम व्हरांड्यात आला आणि मी नाक वर करून हिंडू लागले. महिला मंडळात त्यावर पाऊण तास बोलले. शेणखतानं हुमणीची कीड लागते, तण माजतं, आता नव्या पद्धती आल्यात वगैरे. खतवाली आली, तेव्हा तिला पायरीवरूनच सांगितलं, की यापुढे आणू नकोस.

"काहून बाई? माझ्या खतात काही खोट निघाली का?"

तसं नाही, आता घरच्या घरीच होईल, असं मी म्हटलं. तिनं ड्रमभोवती एक चक्कर मारली, हँडल एकदा फिरवून पाहिलं आणि हसून म्हणाली, "अन् याच्यात गाय कुठून घालता?" मी हसले नाही.

उन्हाळाभर त्यात आंब्याच्या साली गेल्या, टरबुजाच्या फोडी गेल्या, भाज्यांची देठं गेली. मी येता-जाता हँडल फिरवायची, शक्यतो रस्त्यावर कुणी असताना. पावसाळाभर दार बंद ठेवून ते मुरू दिलं. गणपती उठल्यावर दार उघडलं, तर आत आंबूस वासाचा काळा चिखल आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. भर दुपारी नाकाला पदर बांधून मी तो मागे पेरूच्या झाडाखाली पुरला. शेजारणींनी विचारलं, तेव्हा मस्त होतंय म्हणून सांगितलं.

दसऱ्यानंतर गुलाबांची छाटणी झाली. छाटलेली झाडं खत मागतात, त्यांना महिला मंडळातलं भाषण चालत नाही. मी दोन दिवस रस्त्यावर खतवालीची वाट पाहिली आणि तिला हळूच म्हटलं, दुपारी मागच्या फाटकानं ये. ऑक्टोबरच्या उन्हात कॉलनी झोपलेली असायची. चार दुपारी ती आली. खत कुंड्यांत नको, ड्रममध्ये ओत, असं मी सांगितलं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ओतलं. हिरव्या रंगाला शेण लागलं होतं, ते तिनं स्वतःच्या पदरानं पुसलं.

त्यानंतर कुणी आलं, की मी ड्रमचं दार उघडून मूठभर खत दाखवायची. बायका वास घ्यायच्या आणि थक्क व्हायच्या. माझे गुलाब तर त्या वर्षी बशीएवढे आले.

जानेवारीत बागांच्या स्पर्धेचे परीक्षक आले. त्यांतले एक वयस्क होते, थोडे वाकलेले. गुलाबांकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. ड्रममधलं खत तळहातावर घेऊन बोटांनी चोळत राहिले. त्यात कुटाराची एक काडी सापडली. ती उचलून ते म्हणाले, "बाई, हे शेणखत आहे."

मी म्हटलं, छे, सगळं माझ्या स्वयंपाकघरातलं. फाटकापाशी कॉलनीतल्या दहाबारा जणी उभ्या होत्या. आणि नेमकी त्याच वेळी खतवाली समोरच्या घरी टोपलं घेऊन निघाली होती. परीक्षकांनी तिला हाक मारली आणि सरळ विचारलं, की या घरी खत तूच देतेस ना.

तिनं टोपलं खाली ठेवलं. तिच्या एका शब्दानं माझी अब्रू त्या फरशांवर सांडली असती. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, ड्रमकडे पाहिलं.

"नाही जी. या बाईनं तं मले कवाचंच बंद केलं. ड्रमातलंच आहे ते."

मला कप मिळाला. कार्यक्रमात टाळ्या वाजल्या, तेव्हा मी खुशीत होते, हेही सांगून टाकते. लाज त्या दिवशी वाटली नाही, नंतर वाटली.

होळीपर्यंत सात घरी ड्रम आले. सगळ्यांनी त्याच म्हाताऱ्याकडून करून घेतले, तोच हिरवा रंग, आणि सांगून, की त्या पहिल्या बाईंसारखाच हवा, बिनभोकांचा. या वेळी त्यानं वाद घातला नाही म्हणे. सातही घरी पावसाळ्याआधीच चिखल झाला असणार, वास येत होता. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणी कबूल करेना. मला मात्र एकेक जण हळूच युक्ती विचारायची. मी सांगायची, दिवसातून दोनदा फिरवायचा, सकाळ-संध्याकाळ, न चुकता. त्या बिचाऱ्या आपलंच फिरवणं कमी पडलं असं समजून सदरच्या बाजारातून रासायनिक खताच्या पिशव्या गुपचूप आणायच्या. खतवालीला हाक मारणं म्हणजे हार मानणं, म्हणून तिला कुणीच हाक मारली नाही, मीसुद्धा नाही.

उन्हाळ्यात ती एकदा माझ्या मागच्या फाटकाशी आली. टोपलं नव्हतं. मी तिला आधी तेच विचारलं, की त्या दिवशी खोटं का बोललीस.

"चार लोकं होते बाई. तुमच्याच दारात तुमाले खोटं कसं पाडू?" मग म्हणाली, "एक शब्द टाका चार घरी. खत माझं होतं असं नका सांगू. नुसतं सांगा, का शेणखत चांगलं असते."

म्हणजे माझं खोटं शाबूत ठेवूनच तिला वाचवायची वाट तीच मला दाखवत होती. मी म्हटलं, बघते. मंडळाच्या पुढच्या बैठकीत बोलायचं म्हणून वाक्यही जुळवून गेले. तिथं कुणीतरी माझ्या ड्रमचं कौतुक सुरू केलं आणि मी तेच ऐकत बसले. त्या पुढच्या बैठकीला माझं डोकं दुखत होतं. खरं म्हणजे दुखत नव्हतं.

पाऊस संपता संपता कळलं, की तिनं आधी एक गाय विकली, मग दुसरीही. आणि दिवाळीनंतर ती समोरच्या वहिनींकडे धुण्याभांड्याला लागली.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचा व्हरांडा दिसायचा. रोज सकाळी भांडी झाली, की ती भाजीच्या सालींचं घमेलं घेऊन बाहेर यायची, हिरव्या ड्रमचं दार उघडून ओतायची आणि हँडल फिरवायची. संध्याकाळी पुन्हा. काही दिवस मी त्या खिडकीशी उभीच राहिले नाही. पोळ्या भिंतीकडे तोंड करून लाटल्या.

एकदा सकाळी पाण्याची झारी हातात घेऊन मी रस्ता ओलांडून गेले. वहिनी आत होत्या. मी तिला हलक्या आवाजात म्हटलं, अगं, तुला तर माहीत आहे, मग हे कशाला फिरवत बसतेस?

"मालकीणबाईनं सांगतलं, दोनदा फिरवाचं," ती म्हणाली. "तुमीच शिकवलं म्हने त्याहिले."

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ड्रमच्या आत चिखल डचमळत होता, त्याचा आवाज आम्हा दोघींना ऐकू येत होता. तेव्हाही वहिनींना हाक मारता आली असती, त्या चार पावलांवर होत्या. मी म्हटलं, "हो, मीच," आणि माझ्या गुलाबांना पाणी घालायला परत आले.