आमच्या शाळेतलं न संपलेलं महायुद्ध

स्टाफरूममध्ये वीस वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. गोळा करावे लागत नाहीत, उलट कुठे सांगायचे नाहीत तेवढं लक्षात ठेवावं लागतं. आमच्याकडचे निम्मे किस्से इतिहासाच्या शेख सरांचे. सोलापुरातल्या आमच्या शाळेला जोडून ज्युनियर कॉलेज आहे, तिथे सर बारावी आर्ट्सला जगाचा इतिहास शिकवायचे. मी मराठी शिकवते आणि त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत बसायची, त्यामुळे यातलं फारसं काही ऐकीव नाही.

सरांचं दुखणं एकच. जूनमध्ये ते युरोपच्या प्रबोधनाला हात घालायचे आणि दिवाळीपर्यंत इटलीतून बाहेरच पडायचे नाहीत. एकेक घुमट, एकेक पुतळा रंगीत खडूनं फळ्यावर काढायचे. मग उरलेलं जग जानेवारीपर्यंत धावतपळत. दरवर्षी दुसरं महायुद्ध पेटायचं आणि पोर्शन तिथेच थांबायचा, कारण परीक्षा यायची. तीस वर्षांत सरांच्या वर्गात ते युद्ध एकदाही संपलं नव्हतं!

•

औद्योगिक क्रांतीच्या वेळी वाफेची ताकद दाखवायची म्हणून सर घरचा कुकर वर्गात घेऊन आले. नुसतं पाणी कशाला उकळायचं, असं म्हणून सरांच्या बायकोनं, आमच्या भाभींनी, आत तूरडाळ घालून दिली होती. तीन शिट्ट्यांत वर्गाला वाफ कळली. चौथ्या शिट्टीला शेजारचा वर्गही आला. डबे उघडले, कडक भाकऱ्या निघाल्या, शेंगाची चटणी निघाली. सर दिवसभर खुशीत होते.

चाचणीत त्यांनी विचारलं, औद्योगिक क्रांतीसाठी आवश्यक घटक लिहा. निम्म्या वर्गानं डाळ, हळद आणि मीठ लिहिलं. एका मुलीनं हिंगही लिहिला होता, तिला सरांनी अर्धा मार्क जास्त दिला.

•

सर इलेक्शन ड्युटीवर गेले आणि फ्रेंच राज्यक्रांतीचा तास पीटीच्या गायकवाड सरांकडे आला. गायकवाड सर सांगोल्याचे. बसून शिकवणं त्यांच्या तब्येतीला मानवत नाही. त्यांनी वर्ग ग्राउंडवर नेला, राजा आणि त्याचे सरदार एका बाजूला, जनता दुसऱ्या बाजूला, आणि लावली कबड्डी. घोळ एवढाच झाला की राजा झालेला पोरगा जिल्ह्याच्या टीममधला रेडर होता. त्यानं जनतेवर तीन लोण चढवले.

शेख सर परत आले तर फ्रान्समध्ये राजा गादीवर! वह्यांमध्ये तसं लिहूनसुद्धा घेतलेलं. सरांनी अक्षरशः हात जोडले. राजा हरायला हवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे, असं परोपरीनं सांगितलं. गायकवाड सर ढिम्म.

"मॅच रीतसर झालीया सर. निकाल आता आपल्याला बदलता येत न्हाय."

शेवटी तडजोड झाली आणि रिमॅच ठरली. राजाला बाद करायला जनतेला चार दिवस लागले. पोर्शन अर्थातच तेवढे चार दिवस मागे पडला.

•

एकदा मी आणि सर झेरॉक्स काढायला रिक्षानं निघालो होतो. रिक्षावाला आरशातून सारखा सरांकडे बघत होता. चांगला टक्कल पडलेला माणूस, पण निघाला सरांचाच विद्यार्थी. सिग्नलला त्यानं मान वळवली.

"सर, आमच्या टायमाला जर्मनी रशियात घुसली आन् वर्ष संपलं. पुढं काय झालं ओ?"

सर सांगायला लागले तोवर सिग्नल सुटला, मागून हॉर्न सुरू झाले आणि दुकान आलं. ऱ्हाऊ द्या सर, इतकी वर्षं थांबलोय, असं म्हणून तो गेला.

मला हसू आवरेना. सर मात्र हसले नाहीत. झेरॉक्स निघत असताना हळूच म्हणाले, "मॅडम, किती पोरांना मी असं लढाईच्या मधेच सोडून दिलं. मे महिन्यात रिटायर होतोय. त्याच्या आत एकदा तरी हे युद्ध संपवायचंय."

मला फार वाईट वाटलं. माझ्या हसण्याचंही वाटलं.

•

त्या वर्षी सगळी स्टाफरूम युद्धात उतरली. मी माझे तास दिले. गायकवाड सरांनी पीटीचे दिले आणि कबड्डी लावणार नाही असं कबूल केलं. प्राचार्या येमुल मॅडमनी गॅदरिंगची प्रॅक्टिस मधल्या सुट्टीत ढकलली. सर गणपतीतच इटलीतून बाहेर पडले, तेव्हा आम्ही स्पेशल चहा मागवला. डिसेंबरात पहिलं महायुद्ध आटोपलं. जानेवारीतल्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला, पावणेपाच वाजता जर्मनी शरण आली. मी व्हरांड्यात उभी राहून ऐकत होते आणि सारखं घड्याळ बघत होते.

पाच मिनिटं उरली असताना सर हिरोशिमापाशी आले. त्यांनी खडू खाली ठेवला. इथे घाई करायची नाही, असं पोरांना सांगितलं आणि त्या सकाळी कामाला निघालेल्या माणसांबद्दल, शाळेत निघालेल्या मुलांबद्दल बोलत राहिले.

पाच वाजले. पाच वाजून दहा मिनिटं झाली. बेल काही होईना. सगळी शाळा दप्तरं भरून बसलेली, गेटवर रिक्षांची रांग, पालकांचा आरडाओरडा. येमुल मॅडम तरातरा जिना उतरून आल्या.

मल्लप्पा शिपाई, सरांच्याच वर्षी नोकरीला लागलेला, वर्गाबाहेर घंटेखाली स्टुलावर बसला होता. हातोडा मांडीवर, कान खिडकीला. मॅडमनी विचारलं, बेल का नाही दिली?

मल्लप्पानं मान न वळवता हात वर केला.

"जरा दम धरा की मॅडम. जर्मनी पडलंय. जपान ऱ्हायलंय."