वहिनीच्या गेमचे सेल

शालू वहिनीला स्मशानात पोचवून माणसं घरी आली, तेव्हा मी मोबाईलवर गेम खेळत होते.

अजूनही खेळतेच आहे. मधे थांबून हे लिहितेय.

तीन सारखी फळं एका ओळीत आणायची. ती फुटतात, वरून नवी पडतात. लेव्हल दोनशे बारा.
गेम काही खास नाही. दर दोन मिनिटांनी जाहिरात. पण हात थांबत नाही.

रडू येत नाही. भूक नाही. दादा अंगणात खुर्चीवर बसला आहे, त्याच्याजवळ जाऊन बसावं तर तेही होत नाही.
वहिनीची सून दोनदा विचारून गेली, "आत्याबाई, चहा तरी घेता का?"
मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच माहीत नाही.

अशा दिवशी गेम खेळणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात, ते मला चांगलं ठाऊक आहे.
मी स्वतः म्हटलेलं आहे.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. सिहोऱ्याजवळचं हेच गाव, हेच घर. मी सतराची, दादाची नवी बायको एकवीसची.
चारचौघांत ती मला "कुंदाबाई, तुमी" म्हणायची. दोघीच असलो की "कुंदे".

भाऊबीजेला तिच्या भावानं नागपूरहून एक व्हिडिओ गेम आणला. तळहाताएवढा. राखाडी काच, दोन बटणं, आत घड्याळात असतात तसे दोन चपटे सेल.
खाली पाण्यात एक नाव. वरून माणसं पडायची. नाव डावी-उजवीकडे सरकवून त्यांना झेलायचं. तीन बुडाली की संपलं.

माझा स्कोअर दोनशेच्या वर कधी गेला नाही. तिचा नऊशे.

"कशी करतेस वो वहिनी?"
"तू पाहून राहिलीस. पाहू नको, आयक. माणूस खाली येतानी टिक टिक करते. उजवीकडचा जरा घाईत रायते."

मी कान लावून ऐकायची. मला सगळे सारखेच वाटायचे.

पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली.
नऊ दिवस होती.

दहाव्या दिवशी वहिनी मागच्या छपराखाली, सपरीत जाऊन बसली आणि तिनं गेम हातात घेतला.
सकाळी तेच. दुपारी तेच. भात समोर ठेवला की दोन घास, परत गेम. पदर दुधानं ओला व्हायचा, तिचं लक्ष नसायचं.
रडली नाही. कोणाशी बोलली नाही. नुसतं टिक टिक टिक.

भेटायला आलेल्या बायका जाताना दारात थांबून बोलायच्या.
"लेकरू गेलं अन् हे खेळून राहिली, बाप्पा!"

माय शरमेनं अर्धी झाली. मला म्हणाली, "काढून घे वो तिच्यापासून थे."
आणि मी म्हणाले, "तिले कायीच वाटत नाई का, माय?"

हे वाक्य माझं. दुसऱ्या कोणाचं नाही.

वहिनी आंघोळीला गेली तेव्हा मी मागचं झाकण उघडलं, दोन्ही सेल काढले आणि शेणाच्या खड्ड्यात फेकले. गेम होता तिथे ठेवून दिला.

ती आली. बटण दाबलं. परत दाबलं.
"सेल संपले असतीन," मी म्हणाले.
"बरं," ती म्हणाली.

आणि दाबत राहिली.
कोऱ्या काचेवर. आवाज नाही, नाव नाही, माणसं नाहीत. डावं, उजवं, उजवं, डावं.

पाच दिवस.

मला बघवेना. खड्ड्यात काठी घालून सेल शोधले. सापडले नाहीत. पण खरं काय ते सांगितलं नाही.

दादा कधीच फार बोलणारा नव्हता. सहाव्या दिवशी सकाळीच एस्टीनं तुमसरला गेला. तिथल्या घड्याळवाल्याकडे तसले सेल नव्हते, म्हणून तसाच पुढे भंडाऱ्याला.
दिवस मावळायच्या आत परत आला. हातपाय न धुता तिच्याजवळ बसला, सेल घातले.
"घे," म्हणाला.

टिक.

वहिनीनं गेमकडे बघितलं. मग दादाकडे. आणि तिनं असा हंबरडा फोडला की शेजारपाजारचे धावत आले. दादाही रडत होता. माय आतून आली आणि दारातच थांबली.

मी विहिरीकडे निघून गेले.

त्यानंतर वहिनी हळूहळू उठली. पुढे दोन मुलं झाली. माझं लग्न झालं, मी लाखनीला गेले. तो गेम कुठे गेला, कोणालाच माहीत नाही.

चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला माहेरी आले होते. दोघी लाखोरीची डाळ निवडत बसलो होतो. एकदम तोंडातून निघून गेलं.

"वहिनी, ते सेल संपले नोहते. मी काढले होते."
तिनं मान वर केली नाही. "मालूम आहे मले."
"कवापासून?"
"तवापासूनच. सेल असे एकाएकी नाई संपत, कुंदे. आधी माणसं फिक्की होत जातात."
"मंग बोलली काहून नाई?"

तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तवा मले कायीच होऊन नोहतं राह्यलं. तू सेल काढले काय अन् नाई काढले काय. दुखायले लागलं थे तुया दादानं सेल आणले तवा."

"राग नाई आला माया?"
"आला ना. मंग आला. तुया बिदाईले साऱ्या रडल्या, मी नाई रडली. ध्यानात नाई आलं तुया?"

नव्हतं आलं. खरंच नव्हतं आलं. आम्ही दोघी डाळ सांडेपर्यंत हसलो.

वहिनी, मला अजून काहीच होत नाहीये.
दुखायला लागेल तेव्हा लागेल.

नीट जा.

तुझी,
कुंदी