जोडपिक्चर आणि एकवीस मोदक

आमच्या सासूबाईंनी आयुष्यात एकही पिक्चर धड पूर्ण पाहिलेला नाही. दुपारी जेवण झालं की हिंदीत डब केलेला इंग्रजी मारामारीचा पिक्चर लावायचा, अर्ध्यात डुलकी काढायची आणि जाग आल्यावर टीव्हीवर जे काही चालू असेल ते त्याचंच पुढचं समजून बघायचं. संध्याकाळी भाजी निवडताना ती गोष्ट मला ऐकावी लागते.

"भविष्यातनं लोखंडी मानूस आला. त्याला बशीत बसवलं. बस थांबली का बॉम्ब फुटंल. अन् मागून डायनासोर येऊ ऱ्हायला."

"अहो आई, हे तीन वेगळे पिक्चर आहेत."

"मंग ते एकाच बशीत बसले त्यात माझा काय दोष? तिकिटं काय मी काढली व्हती?"

सिन्नरकडच्या खेड्यातून नाशकात, इंदिरानगरला सहाव्या मजल्यावर येऊन त्यांना नऊ वर्षं झाली, पण बोलणं तसूभर बदललं नाही. त्यांची साखर वाढली तेव्हा मी नोकरी सोडली. नवरा सकाळी कंपनीच्या बसने जातो तो अंधार पडल्यावर येतो. मग सुई, पथ्य, साखर तपासणं, आणि वर हे जोडपिक्चर. खोटं कशाला बोलू, मला त्या घरात कोंडल्यासारखं व्हायचं. कधीकधी उगीचच गॅलरीत जाऊन उभी राहायचे.

गेल्या गणपतीत सोसायटीच्या आरतीला नैवेद्याची पाळी आमची होती. एकवीस मोदक केले, ताटात मांडले, तुपाची वाटी ठेवली. खाली आरती झाली की लगेच जेवणं होती. सासूबाई म्हणाल्या, "आत्ताच टोच सुई. खाली गेलं का जेवायचंच हाय." इन्सुलिन घेतलं की वीसेक मिनिटांत पोटात काहीतरी जायलाच हवं, हे मला पाठ होतं. तरी टोचलं. तिथंच माझं चुकलं.

ताट घेऊन लिफ्टने निघालो, तर तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये लाईट गेली. लिफ्टने एक गचका दिला आणि थांबली. छतातला बारका दिवा तेवढा लागला. माझा मोबाईल वर चार्जिंगला, त्यांचा टीव्हीपाशी राहिलेला.

मी धोक्याचं बटण दाबलं. आता हे बटण म्हणजे आमच्या सेक्रेटरींची करणी. जुनी घंटा कर्कश वाटते म्हणून त्यांनी तिथे आरतीची धून बसवून घेतलेली. सगळ्यांनी तेव्हा कौतुक केलं होतं, मीही केलं होतं. तर ती धून वाजली आणि खालून टाळ्या ऐकू आल्या. मी बटण दाबूनच धरलं, तर झांजा सुरू झाल्या! "अरे मेल्यांनो, आम्ही अडकलोय!" म्हणून मी घसा फाटेस्तोवर ओरडले. झांजा आणखी चढल्या.

थोड्या वेळाने सासूबाईंच्या कपाळावर घाम आला. हात थरथरायला लागले. त्या भिंतीला टेकून हळूच खाली बसल्या.

"आई, साखर उतरतेय. मोदक खा."

"नैवेद्य हाय तो. उष्टा नाय करायचा."

"देव रागावणार नाही."

"तुला सांगून गेला का तो?"

हट्टीपणात या बाईचा हात कुणी धरू नये. एकवीस मोदक माझ्या मांडीवर, आणि त्या माझ्यासमोर पेंगायला लागल्या. झोपल्या तर संपलंच. मी म्हटलं, "आई, पिक्चर सांगा."

"तू सांग."

मी सुरू केलं. "एक अंतराळयान दोन ग्रहांच्या मध्ये अडकलंय. कॅप्टन एक बाई आहे, सत्तरीची."

"लोखंडी मानूस?"

"आहे ना. लाईट गेली म्हणून बंद पडलाय."

"डायनासोर?"

"टपावर बसलाय. म्हणून तर यान हलत नाही."

त्या किंचित हसल्या. "डिझल हाय का?"

"एकवीस टाक्या आहेत. उकडीच्या."

त्यांनी एक डोळा उघडला. "लबाड हायेस."

"कॅप्टन टाकी का फोडत नाही, आई?"

"वरून... हुकूम... नाय." जीभ जड झाली होती. पुढचा प्रश्न विचारला तर उत्तरच आलं नाही.

माझं डोकं फिरलं. मी बटणावर मूठ आपटली. धून सुरू झाली आणि सवयीने त्यांचे दोन्ही हात जुळले. ते हात बघितले मात्र, मी तुपात बोटं बुडवली, ताटाभोवती फिरवली आणि लिफ्टवरच्या गणपतीच्या स्टिकरला ताट दाखवलं. "प्राणाय स्वाहा! आला हुकूम! खा!"

"पानी... फिरवायचं..."

"तूप फिरवलंय, चालतं! खा म्हणते ना! खा गं आई, तू खा, मरशील गं!"

मोदक फोडून मी त्यांच्या तोंडात घातला. त्या हळूहळू चावत राहिल्या. मग दुसरा. मी रडत होते. मला ही बाई हवी होती, आणि हे मला त्या डबड्यात कळत होतं.

बऱ्याच वेळाने आवाज आला, "मंग? डायनासोर उतरला का न्हाई?"

लाईट आली, लिफ्ट खाली पोचली. ताट गणपतीपुढे ठेवताच एक शेजारीण म्हणाली, "अगंबाई, एकोणीसच?" दोन सांडले म्हणून सांगायला मी तोंड उघडलं, पण सासूबाई पुढे झाल्या.

"दोन म्या खाल्ले. आरती झाल्यावर. लिफ्टीत आरती झाली, तुमीच टाळ्या वाजवल्या न्हवं?"

आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं विचारलं, "आई, चहा घेता ना?"

त्या म्हणाल्या, "काल मरत व्हते तव्हा 'तू' म्हनलीस. जगले तर परत 'तुमी' व्हय?"