आमच्याकडे गरम पाणी लगेच येतं

हे वाक्य हेडक्लार्कचं. पाहुण्यांना घर दाखवताना तो ते हमखास म्हणायचा. आधी खोल्या, मग खिडक्यांचं लाकूड, मग शेवटी बाथरूम. तिथं गेल्यावर नळ सोडायचा आणि म्हणायचा, "हात लावून बघा. आमच्याकडे गरम पाणी लगेच येतं." पाहुणे हात लावायचे, वा वा करायचे. तोंडावर मीही त्याला अहो-जाहो करते. रिटायर झालेला, वयानं मोठा माणूस आहे. पण इथं करणार नाही, आधीच सांगून ठेवते.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर कपडे शिवते. माझं मशीन बरोबर त्यांच्या स्वयंपाकघराखाली आहे, त्यामुळे ते पाणी 'लगेच' कसं येतं हे मला घरबसल्या ऐकू यायचं. उजाडायच्या आत भिंतीतला पाइप घुमायला लागायचा. मग बादलीत पाणी पडल्याचा आवाज, मग बादली सरकवल्याचा, मग दुसरी बादली. वर सगळे घोरत असायचे आणि हेडक्लार्कची थोरली बहीण, आमची ताई, नळाखाली हात धरून उभी असायची.

गोष्ट साधी होती. हीटर गच्चीच्या पार त्या टोकाला. तिथून पाइप मागच्या भिंतीवरून उघडाबोडका खाली यायचा आणि या टोकाला स्वयंपाकघरात नि बाथरूममध्ये शिरायचा. रात्रभर पाइपातलं पाणी गारठून जायचं. ते सगळं गार पाणी बाहेर पडेपर्यंत गरमाचा पत्ता नाही. ताई ते काढून टाकायची. टाकायची म्हणजे काय, एक थेंब वाया घालवायची नाही. त्याच गार पाण्यात रात्रीची भांडी घासायची, चादरी भिजवून पिळायची, फरशी पुसायची, उरलेलं कुंड्यांना. तोवर नळाला वाफ आलेली असायची. मग हेडक्लार्क उठायचा, नळ सोडायचा, लगेच गरम. दाढी करताना गुणगुणायचा मेला.

नवरा गेल्यावर ताई भावाकडे आली ती कायमची. वहिनी, म्हणजे हेडक्लार्कची बायको, तिला वाईट बोलायची असं नाही. उलट चारचौघांत म्हणायची, "ताई आहेत म्हणून मला काही बघावंच लागत नाही." खरंच होतं ते. ती काही बघतच नव्हती.

दुपारी मात्र ताई माझ्याकडे खाली यायची. मी मशीनवर, ती खिडकीशी, मांडीवर सदरा, आणि हातानं काज करत बसायची. तिच्यासारखं काज मी कुणाचं बघितलं नाही. टाका टाक्याला चिकटून, कड अशी की बटण आपणहून आत जावं. गिऱ्हाइकं विचारायची, "काज त्याच बाईंच्या हातचं ना?" तिला सांगितलं की ती मान खाली घालून हसायची. तिचं स्वतःचं असं काय होतं हो या जगात? घर भावाचं, खोली भावाची, अंगावरची शाल वहिनीची जुनी. काज तेवढं तिचं. त्या दुपारी ती कुणाची बहीण नसायची, कुणाची नणंद नसायची. भावाच्या गोष्टीसुद्धा तिथंच सांगायची, नक्कल करून. तो दाढी करताना कसा गुणगुणतो ते ती इतकं हुबेहूब करायची की माझी सुई तुटायची.

एक दिवस ती अशीच बसली होती. मी सहज वळून बघितलं तर पांढऱ्या कॉलरवर लाल डाग. तिच्या बोटात सुई चांगली आत गेली होती आणि ती आपली पुढचा टाका घालत होती.

"अगं ताई, बोट बघ."

तिनं बघितलं. सुई काढली, बोट तोंडात घातलं आणि म्हणाली, "कळलंच नाही बघ."

"कळलं नाही म्हणजे?"

"हल्ली बोटं झोपल्यासारखी असतात. सकाळी पाणी गरम झालं की नाही तेसुद्धा मी कोपरानं बघते."

हे तिनं असं सांगितलं, जसं काही कोपरानं पाणी बघणं हे घरोघरी चालतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते काज गेलं तर हिच्याकडे काय उरणार, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत असणार, कारण त्या दिवसापासून ती सुई दोनदा तपासून धरायला लागली.

तिनं भावाला सांगितलं नव्हतं असं नाही. एकदा म्हणाली होती, सकाळी पाणी फार गार असतं म्हणून. तो म्हणाला, "मग गॅसवर तापवून घे ना." तिनं तापवलं. दोन-चार दिवसांनी वहिनी म्हणाली, "ताई, सिलिंडर हल्ली लवकर संपतो नाही?" झालं. पातेलं परत फळीवर गेलं.

मग मीच उपद्व्याप केला. माझा नळ गळत होता म्हणून प्लंबर आला होता. त्याला म्हटलं, जरा वर चल. त्यानं गच्चीवर जाऊन बघितलं, भिंतीवरचा पाइप बघितला आणि हेडक्लार्कला सांगितलं, "पाणी लांबून येतंय साहेब. सिंकखाली एक छोटा हीटर बसवा आणि बाहेरच्या पाइपाला जाड वेष्टन घाला. अर्ध्या दिवसाचं काम आहे, मग वाट बघायला नको."

"वाट?" हेडक्लार्क हसला. "कुणी सांगितलं तुम्हाला वाट बघावी लागते? या इकडे."

आणि गेला स्वयंपाकघरात. ताईनं नुकतीच सकाळची भांडी आटोपली होती. त्यानं नळ सोडला. लगेच गरम. वाफ निघाली.

"लावा हात," तो म्हणाला. "आमच्याकडे गरम पाणी लगेच येतं."

दाराआड दोन बादल्या गार पाण्यानं भरलेल्या होत्या आणि ताई त्यांच्यासमोर उभी होती, झाकल्यासारखी.

"ताई, सांग ना," मी म्हटलं.

ती भावाकडे बघायला लागली. मग म्हणाली, "येतं तसं. जरा धरावं लागतं."

"जरा म्हणजे किती?" त्यानं विचारलं.

"थोडंसंच."

"बघा," तो प्लंबरला म्हणाला. प्लंबरनं खांदे उडवले, पिशवी उचलली आणि गेला. त्याला काय, दुसरीकडे कामं पडली होती.

दुपारी ताई खाली आल्यावर मी तिला फाडफाड बोलले. तोंडाला कुलूप लावलं होतंस का म्हणून. ती शांतपणे दोरा ओवायचा प्रयत्न करत होती. ओवला जात नव्हता. म्हणाली, "अगं, त्याच्या घरात परक्या माणसासमोर त्याला खोटं कसं पाडू?" मी तिच्या हातातून सुई घेतली आणि ओवून दिली. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथं जिचं जळत होतं तीच पदरानं झाकत होती.

त्यानंतर तिच्या हातातून कप पडायला लागले. दोन कप फुटले तेव्हा वहिनीला वाटलं डॉक्टरला दाखवावं. कपांचा संच होता तो. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दाबली गेली आहे, पिळून पिळून, घासून घासून, आणि त्यात गारठा. फार दिवस झालेत. उजव्या हाताचं ऑपरेशन करू, पण आधी यायला हवं होतं. नुसत्या गार पाण्यानं असं होतं असं काही ते म्हणाले नाहीत. मी म्हणते. मला कोण अडवणार?

ऑपरेशननंतर हात भिजवायचा नव्हता. म्हणून ताई दवाखान्यातून सरळ मावसबहिणीकडे राहायला गेली. भावाच्या घरी हात न भिजवता राहायची तिला सवय नव्हती. त्यांनाही नव्हती.

पहिल्या सकाळी भिंतीतला पाइप गप्प होता. मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. मग चांगलं उजाडल्यावर वर गडबड सुरू झाली. नळ सोडल्याचा, बंद केल्याचा, परत सोडल्याचा आवाज. थोड्या वेळानं हेडक्लार्क माझ्या दारात. एका गालाला साबण, एक गाल तसाच.

"तुमच्याकडे पाणी ठीक येतंय का? आमचा हीटर बिघडलाय."

मी म्हटलं, बघा बाई.

प्लंबर आला. तोच. हीटर उघडून बघितला, ठणठणीत होता. म्हणाला, "पाणी लांबून येतंय साहेब. मी मागेच बोललो होतो."

"अहो, पण इतकी वर्षं लगेच येत होतं!"

प्लंबर माझ्याकडे बघायला लागला. मी जिन्यातच उभी होते, मुद्दाम. म्हटलं, "येत नव्हतं. तुमची बहीण आणत होती. तुम्ही उठायच्या आधी उठून, सगळं गार पाणी स्वतःच्या हातांवर घेऊन. दाराआड बादल्या असायच्या, त्या कधी दिसल्या नाहीत का?"

त्यानं वळून घराच्या दाराकडे बघितलं. मला वाटलं, चला, लागलं कुठंतरी. साबण गालावर वाळत आला होता. मग तो म्हणाला, "मग तिनं नीट सांगायला नको का?"

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

काम मात्र झालं. लगेच झालं. सिंकखाली छोटा हीटर, बाथरूममध्ये आणखी एक, बाहेरच्या पाइपाला वेष्टन. ताईसाठी जे कधी झालं नाही ते वहिनीनं दोन सकाळी गार पाण्यात भांडी घासल्याबरोबर झालं. वहिनी मला म्हणालीसुद्धा, "एवढंसं तर काम होतं. बोटं गळून पडायची वेळ आली होती माझी."

ताई परत आली त्या दिवशी मी वर गेले. पिशवीत एक पांढरा सदरा घेऊन, काजांच्या खुणा करून ठेवलेला. घाई नाही, नुसता दाखवायला. हाताची पट्टी निघाली होती, मनगटावर व्रण होता. तिनं सदरा बघितला, खुणांवरून अंगठा फिरवला.

"ताई, इकडे ये आधी," हेडक्लार्क म्हणाला. त्याला राहवत नव्हतं. तिला सिंकपाशी नेलं. वहिनी कौतुकानं बाजूला उभी राहिली. "तुझ्यासाठीच केलं बघ सगळं. सोड नळ."

ताईनं डाव्या हातानं नळ सोडला आणि उजवा हात पुढे केला. कोपर नाही. बोटं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, बोटांतली जाणीव कदाचित येईल परत. तिनं बोटं पाण्याखाली धरली आणि रोज उभी राहायची तशी उभी राहिली, मान जराशी वाकडी करून, वाट बघत.

खिडकीच्या काचेवर वाफ धरली. वहिनीनं चष्मा काढून पुसला.

ताई माझ्याकडे वळली.

"गरम आलं का गं?"

मी नळ बंद केला. तिची बोटं लालबुंद झाली होती. मी ती सदऱ्यात गुंडाळून धरली, दुसरं फडकं हाताशी नव्हतं.