दादाच्या जीपचा कार्बोरेटर

दर रविवारी सकाळी जबलपुरातल्या मदन महलहून अधारतालला जायचं आणि थोरल्या भावाच्या जीपसमोर उभं राहायचं, हे मी कित्येक वर्षं केलं. त्यातली शेवटची दोन वर्षं तर अक्षरशः पाय ओढत गेलो. मी नोकरीतून सुटलो होतो, गुडघे कुरकुरत होते, आणि आठवड्यातला एक दिवस तरी घरात लोळत पडावं, एवढीच माझी इच्छा होती. पण आठ वाजले की दादाचा फोन यायचा. "काहून रे, निघाला नाहीस अजून?" एवढं बोलून तो फोन ठेवून द्यायचा. मी काय उत्तर देतो याच्याशी त्याला काही देणंघेणं नसे.

जीप त्याने लष्कराच्या लिलावातून घेतलेली. जबलपुरात हे वेड जुनंच आहे. फौजेनं टाकून दिलेली गाडी कुणीतरी घरी आणतो आणि मग जन्मभर तिची सेवा करतो. दादाला तर ते शोभूनही दिसायचं, कारण तो गाड्यांच्या कारखान्यात इंजिन तपासायच्या कामावर होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि कुठल्या सिलिंडरला काय झालंय ते सांगायचा. साहेब लोक मुकाट ऐकून घेत. निवृत्त झाल्यावरही गल्लीतले लोक आपली स्कूटर त्याच्या दारात चालू करून दाखवायचे. त्याचा सगळा मान कानांत होता.

रविवारचं काम ठरलेलं असे. जीप चालू करायची आणि कार्बोरेटरचा बारीक स्क्रू जुळवायचा. तो आत फिरवला की पेट्रोल कमी, बाहेर काढला की जास्त; कुठे थांबायचं ते इंजिनाचा आवाज सांगतो. बोनेटच्या एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला मी. स्क्रू जरासा फिरवून तो माझ्या तोंडाकडे पाहायचा.

"आता कशी वाटते?"

"छान," मी म्हणायचो.

छान कसली? शेवटच्या दोन वर्षांत ती जीप दमेकऱ्यासारखी खोकायची. मागून काळा धूर निघायचा, अंगणभर पेट्रोलचा वास सुटायचा, आणि शेजारची बाई वाळत घातलेले कपडे कपाळाला आठ्या घालत आत न्यायची. त्याचं कारण मला एका दुपारी कळलं होतं. दादा कुकरपासून चार हातांवर बसलेला, कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, आणि तो वहिनीला म्हणाला, "अजून शिटी नाही झाली का?"

मी वहिनीकडे पाहिलं. तिने मला ओसरीत नेलं.

"यांना बोलू नका भाऊजी. कान गेले म्हटलं तर हा माणूस खाटेवरून उठणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर सोयीचंही वाटलं. दादाला समजावायचं, डॉक्टरकडे न्यायचं, त्याचा राग सोसायचा, एवढा दम माझ्यात उरला नव्हता. त्यापेक्षा 'छान' म्हणणं सोपं होतं. तो गाडी काढायचा तेव्हा मी शेजारी बसायचो आणि मागून हॉर्न आला की त्याच्या हाताला हात लावायचो. त्यावर तो कधी काही बोलला नाही.

मग जीप रस्त्यात बंद पडायला लागली. सिविल लाइंसच्या चढावर दोनदा धक्का मारला, तेव्हा माझी कंबर आठवडाभर धरली होती. धुराच्या तपासणीतही ती नापास झाली. मी एका मेकॅनिककडे गेलो. चाळिशीचा माणूस, बाहेरगावी राहून नवं काम शिकून आलेला. तो म्हणाला, "अंकल जी, कार्बोरेटर हटा दो. फ्यूल इंजेक्शन डाल देते हैं. पेट्रोल कितना देना है, कंप्यूटर खुद देखेगा. कान लगाने का झंझट ही खत्म."

त्याने ते सहज म्हटलं, पण मला सुटल्यासारखं झालं. जुळवणंच नको, म्हणजे ऐकणं नको, म्हणजे कुणाला काही सांगणंही नको.

दादाला मी धुराच्या तपासणीचं कारण सांगितलं. भांडायची तयारी करूनच गेलो होतो. तो माझ्याकडे पाहत म्हणाला, "करून टाक." माझी सगळी तयारी वाया गेली.

त्या कामाने तीन महिने माझा जीव खाल्ला. कार्बोरेटरच्या जागी नवा भाग बसवला, तर त्याला जोरात पेट्रोल देणारा विजेचा पंप हवा. पंप आला, तर जुन्या टाकीतला गंज त्यात जाईल म्हणून टाकी उतरवून धुवायची. कंप्यूटरच्या डबीला सारखी वीज लागते, म्हणून जुना डायनॅमो काढून अल्टरनेटर. धुराच्या नळीला भोक पाडून सेन्सर. एक वायर उलटी लागली म्हणून पंधरा दिवस गेले. एवढं करतोच आहोत तर म्हणून मेकॅनिकने इंजिनाखालची झिजलेली रबरंही बदलली. मी रोज ऑटोने जायचो, स्टुलावर बसायचो, चहा प्यायचो आणि परत यायचो. कुणी विचारलं असतं की हे सगळं तू कशासाठी करतोस, तर मी म्हटलं असतं, रविवारी झोपायला मिळावं म्हणून.

गाडी तयार झाली त्या दिवशी दादाला घेऊन गेलो. त्याने धुतलेला शर्ट घातला होता. वर्कशॉपमध्ये चार-पाच गिऱ्हाइकं जुनी जीप बघायला जमली होती. मेकॅनिकने आधीच इंजिन चालू करून ठेवलेलं. ते इतकं शांत चाललं होतं की मीच दोन पावलं जवळ गेलो. दादा आत बसला, स्टीअरिंगवर हात ठेवला, माझ्याकडे पाहून हसला आणि चावी फिरवली.

चालू इंजिनावर स्टार्टर करकरला. सगळ्यांनी दात आवळले. दादाने चावी आणखी दाबून धरली. आजवर गाडी चालू आहे की नाही हे त्याला बुडाखालच्या हादऱ्यांवरून कळत होतं, आणि ते हादरे मी नवी रबरं घालून काढून टाकले होते.

"दादाजी, चालू तो है," कुणीतरी म्हणालं, आणि दोघं हसले. मेकॅनिकने हात घालून चावी मागे घेतली. दादाने एकेकाचं तोंड पाहिलं. मग तो खाली उतरला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला.

अधारतालपर्यंत मीच गाडी चालवली. अंगणात पोचल्यावर तो पायरीवर बसला.

"इकडे तोंड करून बोल," तो म्हणाला. "कधीपासून माहीत आहे तुले?"

"दोन वर्षं झाली."

"मले तीन."

मी विचारलं, "मग स्क्रू कशावरून जुळवत होतास?"

"तुझ्यावरून. तुले विचारत होतो ना दर वेळी, कशी वाटते म्हणून. तू छान म्हटलं की मी थांबायचो." त्याचा आवाज चढला नाही. "इतकी वर्षं बाजूले उभा होता. मले वाटलं, तुझे कान तयार झाले असतील."

मला इतकी शरम वाटली की त्याच्याकडे तोंड करून राहवेना, आणि तोंड फिरवलं असतं तर त्याला माझं बोलणं कळलं नसतं. तीन वर्षं तो माझ्याकडे मदत मागत होता. मी त्याचा मान राखतोय असं समजून त्याला दर रविवारी खोटं सांगत होतो, आणि त्या खोट्यावर त्याने आपली जीप बिघडवून घेतली होती.

"दादा, पुढच्या रविवारी येतो," मी म्हणालो. "नीट ऐकून खरं सांगतो."

त्याने जीपकडे पाहिलं.

"ये," तो म्हणाला. "पण आता त्यात फिरवायले काही ठेवलं नाही तू."